एकमताची सत्ता

मराठी सार्वजनिक जीवनात ‘बिनविरोध’ या शब्दाला एक प्रकारचे पावित्र्य प्राप्त झाले आहे. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावाचे अभिनंदन होते. सहकारी संस्थेचे संचालक मंडळ बिनविरोध आले की सभासदांच्या समंजसपणाचे गोडवे गायिले जातात. साहित्यसंस्थेचा पदाधिकारी बिनविरोध निवडला गेला की सुसंस्कृतपणाचा विजय झाला असे मानले जाते. विरोध झाला नाही याचा अर्थ विरोध नव्हता, असा आपण घेतो. विरोध करण्यास जागाच ठेवलेली नव्हती, किंवा ज्याने विरोध करावयाचा तो त्या खोलीतच नव्हता, ही शक्यता आपल्याला सहसा सुचत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या न सुचण्यावर आहे.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत ही शक्यता एकदा चव्हाट्यावर आली. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तेथे पदांचा लिलाव झाला होता. बोलीचा पैसा देवळाच्या कामी लावावयाचा होता, त्यामुळे गावात कोणाला त्यात फारसे गैर वाटले नसावे. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र अशा गावी एकोपाच दिसला असता: उमेदवार मोजके, भांडण नाही, पोलीस बंदोबस्ताची गरज नाही. एकमत आणि लिलाव यांचे बाह्यरूप इतके सारखे असू शकते, हा त्या प्रकरणाचा खरा धडा आहे.

साहित्यसंस्थांत असा लिलाव होत नाही, हे मान्य. तेथे चलन निराळे असते. ओळख, उपकार, शिष्यत्व, एकत्र काढलेली वर्षे, परस्परांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना, परस्परांच्या गौरवग्रंथांतील लेख, हे ते चलन. ते नाण्यासारखे वाजत नाही. म्हणून ते चालते आहे हेही कळत नाही. आणि ज्याच्या गाठी ते असते त्याला आपण श्रीमंत आहोत याची जाणीवही बहुधा नसते. तो प्रामाणिकपणे समजत असतो की आपल्या परिचयाची माणसे हीच गुणवान माणसे आहेत.

मुद्दा नेमका व्हावा म्हणून एकच उदाहरण विस्ताराने घेतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकारांच्या सभेपर्यंत मागे जाते. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मुंबई मराठी साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या चार घटक संस्थांचे मिळून साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्था त्यात समाविष्ट होत गेल्या. आणि १९६५ पासून संमेलने या महामंडळाच्या विद्यमाने भरू लागली. संमेलनाध्यक्षाची निवड पुढे दीर्घकाळ मतदानाने होत असे. फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्यास भरलेल्या ९१व्या संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हे या रीतीने आलेले शेवटचे अध्यक्ष. त्याच वर्षी महामंडळाने आपली घटना बदलली आणि निवडणूक रद्द केली. आता घटक व समाविष्ट संस्था नावे सुचवितात आणि महामंडळाच्या बैठकीत त्यांतील एक नाव ठरते. या पद्धतीला ‘सन्मानपूर्वक निवड’ असे म्हणण्यात येते.

या बदलाचे स्वागत जवळजवळ सार्वत्रिक झाले. माझे म्हणणे त्या स्वागताच्या विरुद्ध आहे. निवडणूक गेली, पण सत्ता गेली नाही. ती फक्त दिसेनाशी झाली. आणि दिसणाऱ्या लहान अन्यायापेक्षा न दिसणारा अन्याय संस्थेला अधिक पोखरतो.

निवडणुकीच्या विरोधकांची बाजू मी दुबळी करून मांडणार नाही, कारण ती दुबळी नाही. १९९२च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत इंदिरा संत पराभूत झाल्या आणि रमेश मंत्री अध्यक्ष झाले. ही घटना मराठी मनाला आजही सलते. मराठीत ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेले लेखक चार. त्यांपैकी वि. स. खांडेकर आणि वि. वा. शिरवाडकर संमेलनाध्यक्ष झाले. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे झाले नाहीत. मत मागत फिरणे हे अनेक मानी लेखकांना आपल्या वृत्तीशी विसंगत वाटत आले. मतपत्रिका पोस्टाने जात, आणि त्या कोण गोळा करतो, कोण भरतो, याविषयीच्या तक्रारी दर वर्षी ठरलेल्या होत्या. त्याहून बोलका पुरावा आकड्यांचा आहे. १८७८ पासूनच्या पहिल्या ९१ संमेलनांत स्त्री-अध्यक्ष चार: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष. निवडणूक बंद झाल्यानंतरच्या पहिल्या सात संमेलनांत, म्हणजे २०१९ च्या यवतमाळपासून २०२५ च्या दिल्लीपर्यंत, दोन: अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. शिवाय याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा धर्मगुरू-लेखक आणि जयंत नारळीकरांसारखा वैज्ञानिक-लेखक अध्यक्षपदी आला. यांच्यापैकी कोणी मतांसाठी दारोदार गेले असते असे वाटत नाही. मग तक्रार कशाची?

तक्रार नावांची नाहीच. सातही नावे आदरणीय आहेत. परंतु चांगला राजा लाभला म्हणून राजेशाही चांगली ठरत नाही. बंद दाराआड चांगले नाव ठरले तर ते आत बसलेल्यांच्या सद्बुद्धीमुळे ठरले. ती सद्बुद्धी उद्या आटली तर बाहेरच्याने काय करावयाचे, याचे उत्तर या पद्धतीत नाही. संस्थेची परीक्षा तिच्या चांगल्या दिवसांवरून होत नसते. वाईट दिवस आला असता तो ओळखण्याचे आणि परतविण्याचे साधन तिच्यापाशी आहे काय, यावरून ती होते.

आणि जुन्या निवडणुकीचा दोष नेमका कोठे होता, हेही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. या भाषेच्या संमेलनाध्यक्षाची निवड करणारे मतदार होते हजाराच्या आसपास. हे हजार कोण? वाचक नव्हेत, संस्थांचे सर्व सभासदही नव्हेत. प्रत्येक संस्थेला मतदारांचा ठरावीक वाटा होता आणि त्या वाट्यात कोणाची नावे घालावयाची हे त्या त्या संस्थेचे कारभारी ठरवीत. म्हणजे मतदान सुरू होण्यापूर्वीच, यादी तयार होताना, अर्धी निवडणूक आटोपलेली असे. ज्याने यादी केली त्याने अध्यक्ष केला. आजार यादीला होता आणि शस्त्रक्रिया मताधिकारावर झाली. हजारांचे दहा हजार करण्याचा मार्ग मोकळा असताना आपण हजारांच्या जागी एका बैठकीत मावतील एवढी माणसे ठेवली, आणि याला सुधारणा म्हटले.

मताबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. निवडणुकीत उमेदवाराला आपली इच्छा उघड करावी लागे. प्रतिस्पर्धी उघड असे. मिळालेली मते मोजून सांगितली जात. पराभवाला आकडा असे, आणि आकडा असलेला पराभव हा इतिहासाचा पुरावा असतो. इंदिरा संत हरल्या हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच तर आपण तीन दशके त्याची लाज बाळगून आहोत. आजच्या पद्धतीत एखाद्या इंदिरा संतांचे नाव बैठकीत मागे पडले, तर ते कोणाला कळणार? कोणी सुचविले, कोणी नाक मुरडले, कोणी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हटले, यातले काहीच बाहेर येणार नाही. लाज वाटण्याची सोयही या सुधारणेने काढून घेतली आहे.

अशा निर्मळ दिसणाऱ्या सभेविषयीचा संशय मराठीत नवा नाही. रानड्यांच्या पुढाकाराने १८८५ साली पुन्हा ग्रंथकारांची सभा भरावयाची होती, तेव्हा जोतीराव फुले यांनाही निमंत्रण गेले होते. फुल्यांनी ते पत्राने नाकारले. त्या पत्राचा आशय सर्वश्रुत आहे: जे लोक इतरांचे माणूस म्हणून असलेले हक्क मनापासून मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसणार नाही. या पत्राकडे बहुधा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा एक कागद म्हणून पाहिले जाते. ते तसे आहेच. पण संस्थाशास्त्राच्या दृष्टीनेही ते एक मूलगामी टिपण आहे. सभेला बोलावणे आले याने फुल्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी विचारले ते असे, की सभा भरण्यापूर्वीच जी माणसे एकमेकांना ओळखतात, एका शाळेत शिकली, एका पंक्तीला जेवतात, त्यांच्या सभेत बाहेरचा माणूस येऊन बसला तर विषय कोणाचा चालेल? कोणाचे दुःख साहित्य ठरेल आणि कोणाचे गाऱ्हाणे? सभेचे दार उघडे असले तरी सभेचे अंतरंग आधीच ठरलेले असते, हे त्यांनी ओळखले होते. १९५८ साली मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन आणि १९९९ साली धारावीत भरलेले पहिले विद्रोही साहित्य संमेलन ही या नकाराचीच दूरची फळे होत. ज्यांना आतल्या खोलीत जागा नव्हती त्यांनी स्वतःचा मांडव घातला. मराठी साहित्य त्याने समृद्ध झाले. पण वेगळा मांडव घालावा लागणे ही मूळ मांडवाची कीर्ती नव्हे.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी दोघांचे या संदर्भात स्मरण होते. रॉबर्ट मिशेल्स याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जर्मन सामाजिक लोकशाही पक्षाचा अभ्यास मांडला. समतेची शपथ घेतलेल्या या पक्षातही निर्णय मूठभरांच्या हाती कसे जातात, कार्यालय, निधी, मुखपत्र आणि अनुभव यांच्या बळावर नेते स्वतःला अपरिहार्य कसे करून घेतात, हे त्याने दाखविले. संघटना म्हटली की अल्पजनसत्ता आलीच, असा त्याचा सिद्धान्त. आपल्याकडील काही जाणकार या सिद्धान्ताचा आधार घेऊन म्हणतात की निवडणूक घ्या वा न घ्या, सत्ता मूठभरांचीच राहणार. मग तमाशा कशाला? पण हे मिशेल्सचे वाचन आळशी आहे. रोग सर्वव्यापी आहे म्हणून औषध फेकून द्यावे, असे कोणताही वैद्य सांगत नाही.

दुसरे नाव अमेरिकेतील स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांचे. १९७०च्या सुमारास तेथील स्त्रीमुक्ती गटांत नेते नकोत, नियम नकोत, सर्वांनी गोलाकार बसून एकमताने ठरवावे, अशी धारणा बळावली होती. फ्रीमन या स्वतः त्या चळवळीतल्या. त्यांनी आपल्याच मैत्रिणींना बजावले की रचना नसलेला गट असा काही प्रकारच नसतो. लिहिलेली रचना नसेल तेथे न लिहिलेली असते. आणि न लिहिलेली रचना ही आधीपासून मैत्री असलेल्यांच्या मालकीची असते. नव्याने आलेल्या बाईला नियम कळत नाहीत, कारण ते कोठे लिहिलेले नाहीत. तिला नेत्याला जाब विचारता येत नाही, कारण नेता आहे हेच कोणी मान्य करीत नाही. हे निदान त्या गटांपुरते नाही. आपल्या कोणत्याही साहित्यसंस्थेला ते तंतोतंत लागू पडते.

तेथे ते कसे लागू पडते हे पाहण्यासाठी कारस्थानांचा शोध घेण्याची गरज नाही. बैठक चारला असते; निर्णय आदल्या दिवशी दूरध्वनीवर झालेला असतो. बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य ‘माझ्या मनात सहज एक नाव येते’ अशी सुरुवात करतात. त्या ‘सहज’मागे आठवड्याची मशागत असते. दुसरे ज्येष्ठ ‘अगदी माझ्या मनातले बोललात’ म्हणून दाद देतात. समोर बसलेल्या नव्या सदस्याच्या मनात दुसरे नाव असते. पण आता ते उच्चारणे म्हणजे समोरच्या दोघांचा आणि ज्यांचे नाव निघाले त्यांचाही अवमान करणे. तो गप्प राहतो. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असा शब्द पडतो. या सर्व प्रकारात कोणी खोटे बोलले नाही, कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी कोणाला धमकावले नाही. तरीही सत्ता चालली. सत्तेचे सर्वांत मोठे काम नाव मान्य करवून घेण्यात नसते. कोणते नाव उच्चारलेच जाणार नाही, हे ठरविण्यात असते.

आणि ही माणसे एकाच संस्थेत बसतात असे नाही. पुरस्कार समितीवर तीच, अभ्यास मंडळावर तीच, परिसंवादांची आखणी करणारी तीच, चरित्रकोशात कोणाला किती ओळी द्यावयाच्या हे ठरविणारीही तीच. एकेका ठिकाणी त्यांचा अधिकार क्षुल्लक असतो. परंतु चार क्षुल्लक अधिकार एका माणसापाशी आले की त्यांची बेरीज क्षुल्लक राहत नाही. ज्या तरुण लेखकाला अभ्यासक्रमात पुस्तक लागावे असे वाटते, तो पुरस्कार समितीवर टीका करीत नाही. त्याला कोणी अडविलेले नसते. त्याने स्वतःच हिशेब केलेला असतो. वाङ्मयीन संस्कृतीतील भीती ही अशी हिशेबी आणि सभ्य असते.

येथे कोणी विचारील, की वाङ्मयात अनौपचारिक वर्तुळे पूर्वीपासून होतीच ना? ‘सत्यकथे’भोवतीचे वर्तुळ काय निवडून आले होते? प्रश्न रास्त आहे. श्री. पु. भागवत आणि त्यांचे सहकारी यांनी कित्येक वर्षे मराठी कथा-कवितेची अभिरुची घडविली आणि तिच्यावर सत्ताही गाजविली. पण दोन फरक होते. मासिकावर संपादकाचे नाव छापलेले असे, आणि निवडीचा पुरावा दर महिन्याला वाचकाच्या हाती पडे. जे छापले ते समोर होते. त्यावरून जे नाकारले त्याचा अंदाज करता येई. म्हणून तर अनियतकालिकांच्या पिढीतील राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांना १९६९ साली ‘सत्यकथे’ची होळी करता आली. ती होळी योग्य होती की अयोग्य, हा वाद वेगळा. पण जाळावयास हाती काही होते. सर्वानुमते झालेल्या ठरावाची होळी कोणी करावी, आणि कोठे? तेथे संपादक नाही, अंक नाही, सही नाही. फक्त वातावरण आहे.

संमेलनाध्यक्षपद हे शोभेचे आहे, त्यासाठी एवढा आटापिटा कशास, असाही एक युक्तिवाद केला जातो. अध्यक्षापाशी निधी नसतो, कार्यालय नसते, कोणाला नेमण्याचा वा काढण्याचा अधिकार नसतो, हे खरे. त्याच्यापाशी असतो तो फक्त आवाज. पण या आवाजाचे मोल १९७५ साली कऱ्हाडला दिसले. आणीबाणी लागून काही महिने झाले होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण त्या वेळी देशाचे परराष्ट्रमंत्री होते. अशा मांडवात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटकही झाली. दुर्गाबाईंपाशी त्या दिवशी एका खुर्चीपलीकडे काही नव्हते. खुर्ची शोभेची असते ती बसणाऱ्यामुळे. आणि बसणाऱ्याचा आवाज किती मोकळा राहील, हे ती खुर्ची त्याला कोणाकडून मिळाली आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

निवडणूक गेल्याने संमेलन राजकारणापासून मुक्त झाले, या समजुतीचा निकाल तर पहिल्याच वर्षी लागला. २०१९ च्या यवतमाळ संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. संमेलन तोंडावर आले असता, संमेलन उधळण्याच्या इशाऱ्यांच्या पार्श्वभूमीवर, ते मागे घेण्यात आले. अनेक निमंत्रित लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून आपली नापसंती व्यक्त केली. पण हा निर्णय मुळात कोणाचा, ही जबाबदारी आयोजक आणि महामंडळ यांच्यामध्ये फिरत राहिली. ज्यांच्या नावापुढे पद होते त्यांनी बदनामी सोसली. ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांना पदच नव्हते. निवडणूक बंद झाल्यामुळे हे घडले, असे मी म्हणत नाही. पण सन्मानपूर्वक निवडीच्या पहिल्याच संमेलनात हे घडावे, यावरून एवढे तरी सिद्ध होते की राजकारण मतपेटीतून आत येत नव्हते. त्याला यावयाचे दार वेगळे होते, आणि ते उघडेच राहिले आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या मराठी लेखकाच्या बाजूने पाहिला तर अधिकच गंभीर होतो. ग्वाल्हेर, मडगाव, हैदराबाद, रायपूर, इंदूर, घुमान, बडोदे, दिल्ली या स्थळांनी संमेलनाला ‘अखिल भारतीय’ हे विशेषण मिळवून दिले आहे. पण मांडव दूर जातो तेव्हा सत्ताही त्याच्याबरोबर जाते असे नाही. बैतूलमध्ये वा गुलबर्ग्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईच्या सायंकाळच्या गप्पांत जागा नसते. कोणाच्या घरी चहाला जावे, कोणाचा पंचाहत्तरीचा सोहळा चुकवू नये, हे त्याला कळत नाही. कळले तरी परवडत नाही. ओळखीवर चालणाऱ्या संस्थेत अंतर हाच अपराध असतो. लिहिलेला नियम, छापलेली यादी, जाहीर केलेली तारीख आणि मोजलेले मत एवढीच काय ती या दूरच्या माणसाची मित्रमंडळी. ती आपण काढून घेतली, आणि वर त्याला सांगितले की आता तुझा सन्मान वाढला.

वाङ्मयीन गुणवत्ता डोकी मोजून ठरते काय, हा एकमतवाद्यांचा अखेरचा आणि सर्वांत भारदस्त प्रश्न. नाही, ठरत नाही. पण ती बैठकीतही ठरत नाही. ती वाचनाने आणि काळाने ठरते, आणि मर्ढेकरांना संमेलनाध्यक्षपद मिळाले नाही म्हणून मराठी कवितेने त्यांना आपल्या केंद्रावरून हलविले नाही. अध्यक्षपद ही प्रतिनिधित्वाची जागा आहे. तेथे डोकी मोजणेच योग्य. आणि ती गुणवत्तेचीच जागा आहे असा आग्रह असेल, तर मग समीक्षेचा नियम पाळावा. समीक्षकाला कारणे द्यावी लागतात. एखादी कादंबरी श्रेष्ठ आहे असे ‘सर्वानुमते’ म्हणून कोणी समीक्षक सुटू शकत नाही. प्रतिनिधित्वासाठी मत नको आणि गुणवत्तेसाठी कारण नको, ही दोन्हीकडून मिळविलेली सूट आहे. आणि अशी दुहेरी सूट मागणे हेच अनियंत्रित सत्तेचे लक्षण होय.

मग करावे काय? जुनी निवडणूक जशीच्या तशी परत आणावी असे मी सुचवीत नाही; हजारांच्या यादीतले दोष वर सांगितलेच आहेत. यादी मोठी करावी. महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि बाहेरही मराठी ग्रंथालये आहेत. पुस्तक विकत घेणारे, हाताळणारे आणि वाचकाच्या हाती देणारे ते हेच. अशा प्रत्येक ग्रंथालयाला एक मत द्यावे. ग्रंथपालाला कोणी फितविणार नाही असे नाही. पण हजारो ठिकाणी फितवावे लागणे आणि एका मेजाभोवती समजूत घालणे यांत फरक आहे. लेखकाने मत मागू नये असे वाटत असेल तर उमेदवाराने प्रचार करू नये असा नियम करावा. नाव इतरांनी सुचवावे, लेखकाने संमती तेवढी द्यावी. लेखकाचा मान राखण्यासाठी मतदाराचे मत काढून घेण्याची गरज नाही. आणि हे होईपर्यंत निदान एवढे व्हावे: सुचविलेली सर्व नावे, सुचविणाऱ्या संस्था आणि त्यांनी दिलेली कारणे निवडीबरोबरच प्रसिद्ध व्हावीत, मतभेद असल्यास ‘सर्वानुमते’ हा शब्द इतिवृत्तात पडू नये, आणि संस्थांच्या कारभाऱ्यांना पदाची कालमर्यादा असावी.

या मागण्या कोणावर अविश्वास दाखविण्यासाठी नाहीत. महामंडळाच्या घटनेत एक सुंदर नियम आधीपासून आहे: त्याचे कार्यालय कायम एका गावी राहत नाही, ते दर तीन वर्षांनी चार घटक संस्थांकडे आळीपाळीने जाते. हा नियम करणाऱ्यांना पुणेकर किंवा नागपूरकर लबाड आहेत असे म्हणावयाचे नव्हते. सत्ता एका जागी फार दिवस बसली की ती त्या जागेला आपले घर समजू लागते, एवढे त्यांना ठाऊक होते. कार्यालयाला लावलेला तो विवेक माणसांना आणि निर्णयांना लावावा, इतकेच मागणे आहे.

‘पाचामुखी परमेश्वर’ अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि एकमताचे पुरस्कर्ते मनातल्या मनात तिचाच आधार घेत असतात. परमेश्वराविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पण ते पाच कोणी निवडले, सहाव्याला का बोलावले नाही, आणि पाचांपैकी एकाने मान हलविली नसती तर काय झाले असते, हे तीन प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने प्रत्येक बिनविरोध निवडीपुढे उभे राहून विचारावेत. उत्तर मिळाले तर संस्था जिवंत आहे असे समजावे. उत्तराऐवजी ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही काय?’ असा प्रतिप्रश्न आला, तर सत्ता नेमकी कोठे बसली आहे हे त्याला आपोआप कळेल.